मला टीबी झालाच नव्हता

मला कॅन्सर झालाय हे माझ्या नवऱ्याला आणि माझ्या थोरल्या बहिणीला कळलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये उपमा खात होते. "सकाळपासून उपाशी हायस, जा, खाली काहीतरी खाऊन घे," असं म्हणून ताईनेच मला पाठवलं होतं. उपमा गार झालेला होता, पण मला सपाटून भूक लागली होती. मी प्लेट चाटूनपुसून साफ केली आणि वर गेले. मला स्वतःला कळायला त्यानंतर जवळजवळ तीन महिने लागले.

हे मी लिहितेय ते पेशंटसाठी कमी आणि पेशंटच्या घरच्यांसाठी जास्त. पेशंटला लोक पुष्कळ काही सांगतात. पपई खा, नारळपाणी पी, चांगले विचार कर. घरच्यांना मात्र कोणी काही सांगत नाही, आणि ते मनाला येईल ते करून बसतात.

आम्ही लोधिवलीला राहतो. जुन्या हायवेला लागून असलेल्या एका नर्सरीत मी कामाला आहे. नर्सरी म्हणजे झाडांची. कर्जतकडे ज्यांचे फार्महाउस आहेत ती मंडळी गाडी थांबवून आमच्याकडून कुंड्या भरून नेतात. बियांच्या ट्रेमधून केसासारखी बारीक रोपं एकेक सुटी करून पिशवीत लावायची, हे माझं काम. त्याला बोटं लागतात, डोळे नंतर. माझा नवरा संदेश खोपोलीला कंपनीत आहे. मुलगी मैत्री, तेव्हा साडेचार वर्षांची. ताई खोपोलीची, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माझी आई गेल्यावर मला आई म्हणून तीच होती.

मानेवर डाव्या बाजूला गाठ आली तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. ती लिंबाएवढी झाली, अंगावरचे कपडे झोपेत घामाने भिजायला लागले, ब्लाउज सैल झाले. चौकच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग पनवेलच्या पुढच्या एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथे बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तो तपासायला देणं. त्याचा रिपोर्ट आला, तो हा उपम्याचा दिवस.

मी वर आले तर ताई बाकावर बसली होती आणि संदेश खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी ताईला विचारलं, "टीबी हाय ना गं?"

टीबीच का विचारलं, ते सांगायला हवं. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, टीबी होता. कशेळ्याच्या अलीकडे आमचं माहेरचं घर, त्याच्या पडवीत त्यांची खाट होती. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. ताई आणि मी दाराच्या चौकटीला धरून त्यांच्याकडे बघायचो. आत पाऊल टाकलं की आई ओरडायची. आबा औषधं अर्धवट घ्यायचे, बरं वाटलं की सोडायचे. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि त्यांच्या मांडीवर कधी बसल्याचं मला आठवत नाही. मोठा आजार म्हटला की माझ्या डोक्यात पहिलं नाव तेच येतं.

तर मी विचारलं, टीबी हाय ना. आणि ताईने मान हलवली.

तोंडाने ती काही बोलली नाही. नुसती मान. सगळं खोटं त्या एका मानेवर उभं राहिलं. नंतर गाडीत तिने पुढचं जोडलं, की गाठीचा टीबी आहे, डॉक्टर बरा होईल बोललेत, सलाईनमधून औषधं द्यावी लागतील, केसही जातील थोडे दिवस. संदेश पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्याबरोबर मी फडताळातून एक स्टीलचं ताट, एक वाटी आणि एक पेला काढला. कडेला खिळ्याने खूण केली आणि ते बाजूला ठेवले. अंथरूण पुढच्या खोलीत घातलं. मैत्रीला सांगितलं, आईला खोकल्यासारखं झालंय, तू पप्पांजवळ झोपायचं, आईला शिवायचं नाही. मला कोणी शिकवायची गरज नव्हती, मी लहानपणी हेच बघितलं होतं. ताई माझ्या आजारपणासाठी आमच्याकडे येऊन राहिली होती. ती हे सगळं बघत होती. मी जेवले की ती माझं ताट उचलायची, वेगळं घासायची आणि वेगळं पालथं घालायची.

तुम्ही म्हणाल, एवढी कशी तू भोळी? डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या, तरी कळलं नाही? मी पण नंतर स्वतःला हे खूपदा विचारलं. पण जिथे मला सलाईन लावायचे तो एकच हॉल होता आणि त्यात नाना तऱ्हेचे पेशंट असायचे. कोणाला रक्त चढवत असायचे, कोणाला आणखी काही. डॉक्टर 'गाठीचा आजार' म्हणायचे, 'डोस' म्हणायचे, आणि मला सगळं माहीत आहे असं धरूनच बोलायचे. पहिल्या दिवशीच त्यांनी ताईला विचारलं होतं, "तुम्ही सांगता की मी सांगू?" ताई म्हणाली होती, आम्ही सांगतो. फाइल संदेशच्या बॅगेत असायची. आणि खरं सांगू का, टीबी हे आमच्या घरात एवढं वाईट नाव आहे, की ते कोणी खोटं घेईल असं माझ्या मनात कसं यावं?

दर तीन आठवड्यांनी डोस असायचा. एक लालभडक औषध, एक पाण्यासारखं, एक छोट्या पिशवीतलं, आणि घरी घ्यायच्या गोळ्या. पहिले काही दिवस उलट्या, तोंड आलेलं, पोट दगडासारखं. मग जरा बरं वाटायचं, तोवर पुढची तारीख. गाठ मात्र दुसऱ्या डोसानंतरच विरघळायला लागली. मी खूश होते. टीबी हटतोय.

मैत्रीने माझ्या आजारावर आपला उपाय काढला होता. दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर ती बसायची, पाय तिकडे ठेवून, आणि तिथून मला अंगणवाडीतल्या गोष्टी सांगायची. चित्र काढलं की जमिनीवरून माझ्याकडे सरकवायची. मी बघून परत सरकवायचे.

एकदा ती बाहेर रस्त्यावर पडली. गुडघा फुटला, रक्त आलं, आणि ती भोकाड पसरत थेट माझ्याकडे धावत आली. हात पुढे केलेले. मी भिंतीला टेकून मागे सरकले आणि ओरडले, "लांब हो! शिवू नकोस मला!" ती जागच्या जागी थांबली. रडणंही थांबलं. ताई तिथेच सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. तेव्हा ती बोलू शकत होती. 'घे गं तिला जवळ' एवढे चार शब्द पुरले असते. ती उठली, मैत्रीला उचललं, हळद लावली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

कॅन्सरने मला जे केलं ते मी विसरेन. हे विसरणं मला अजून जमलेलं नाही.

चौथ्या डोसानंतर बोटं बधिर व्हायला लागली. आधी पायांची, मग हातांची. ब्लाउजचे हूक लागेनात. चहाचा कप गरम आहे की गार ते कळेना. पाचव्या डोसाआधी तपासणीला गेले तेव्हा नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बाई होत्या. संदेश खाली पैसे भरायच्या रांगेत, ताई बाहेर. आत मी एकटीच होते. पहिल्यांदाच.

त्यांनी माझी बोटं तपासली, डोळे मिटायला सांगून टाचणीने टोचून बघितलं. मग विचारलं, "आणखी काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "मुलीला कधीपासून जवळ घेता येईल?"

"म्हणजे? सध्या घेत नाही?"

"टीबी तिला लागेल ना."

त्यांनी फाइल उघडली, मिटली. खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हाला टीबी नाहीये. तुम्हाला लिम्फोमा आहे." लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, जो गाठींमध्ये वाढतो. "तो कोणाला लागत नाही. शिवून नाही, खोकून नाही, ताटातून तर नाहीच. आणि मानेच्या गाठीचा टीबी असता तरी तो ताटाभांड्यातून पसरला नसता."

कॅन्सर शब्दाने मी हादरले असेन असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पाणी पुढे केलं. पण माझ्या डोळ्यांसमोर मैत्रीचा गुडघा होता.

मी त्यांना म्हटलं, मला सगळं सांगा. सलाईनमध्ये काय असतं, ते माझ्या अंगात जाऊन काय करतं, सगळं. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी त्यांनी सांगितलं. मला समजलं तसं इथे लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणालातरी ते कोणी सांगितलेलं नसेल.

आपलं शरीर पेशींचं. पेशी वाढते म्हणजे एकीच्या दोन होतात. दोन होण्याआधी ती आतलं सगळं सामान दुप्पट करते आणि मधोमध ओळीने मांडते. मग दोन्ही टोकांकडून बारीक दोऱ्या येतात, त्या सामानाला लागतात आणि अर्धं इकडे, अर्धं तिकडे ओढून नेतात. घराची वाटणी व्हावी तसं. वाटणी झाली की मध्ये भिंत पडते आणि दोन पेशी तयार होतात. कॅन्सरच्या पेशी ही वाटणी थांबवतच नाहीत. सारख्या दोनाच्या चार, चाराच्या आठ.

छोट्या पिशवीतल्या औषधाचं नाव विनक्रिस्टिन. ते त्या दोऱ्या बनूच देत नाही. सामान मध्ये मांडलेलं तसंच राहतं. पेशी वाट बघते, अडकून पडते, आणि अडकूनच मरते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी दुसरं औषध चालू होतं, ते उलटं काम करतं. ते दोऱ्या इतक्या पक्क्या करतं की त्या सुटत नाहीत, आखडत नाहीत. वाटणी तशीही अडते आणि अशीही. बाकीची औषधं पेशीच्या आतला नकाशाच बिघडवतात.

आता ह्या औषधांना चांगली पेशी कुठली आणि वाईट कुठली, हे कळत नाही. जी भराभर दोन होतेय तिला ती गाठतात. केसांची मुळं, तोंडातली कातडी, हाडांतला रक्त बनवणारा मगज, हे सगळं भराभर वाढणारं. म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप यायची भीती असते. दोन डोसांत तीन आठवडे ठेवतात ते चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळावा म्हणून. त्या सावरतात. कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही.

"आणि बोटं?" मी विचारलं. "बोटं तर वाढत नाहीत."

त्या म्हणाल्या, नसांच्या पेशी दोन होत नाहीत हे खरं. पण त्याच दोऱ्या नसांच्या आत रस्त्यासारख्या असतात. मणक्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा माल त्यांच्यावरून जातो. औषधाने रस्ता मोडला की माल पोचत नाही, आणि सगळ्यात लांबचं गाव आधी उपाशी मरतं. म्हणून पायाची बोटं, हाताची बोटं. पोट साफ होत नाही, तेही आतड्याच्या नसांमुळे.

आणि हे औषध मूळचं कशातून काढलं, तर सदाफुलीतून. मला हसू आलं, अशा वेळी. आमच्या नर्सरीत सदाफुलीला कोणी विचारत नाही, चार कुंड्या घेतल्या की एक आम्ही तशीच देतो. त्यांनी लगेच बजावलं आणि मीही बजावते, की घरी तिची पानं वाटून कोणी पिऊ नका. किती वाटली तर किती विष, हे पाट्यावर कळत नाही.

मग त्यांनी मला एक गोष्ट विचारली जी तोवर कोणीच विचारली नव्हती. "बोटांसाठी विनक्रिस्टिनचा डोस थोडा कमी करता येईल. तुमचं काय म्हणणं?" मी सगळे फायदे-तोटे विचारून घेतले आणि हो म्हटलं. माझ्या शरीराबद्दलचा तो माझा पहिला निर्णय.

बाहेर आले. ताईने माझा चेहरा पाहिला आणि तिला कळलं.

मी तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, तिला विचारलं, "माझं ताट का घासलंस वेगळं?"

ती रडायला लागली. "तू खचली असतीस गं, वंदू. तूच बोललीस टीबी हाय का. माझी मान हलली. मग मागं फिरता नाय आलं."

"डॉक्टर बरं होईल बोलले होते ना? मग तेच सांगायचं होतंस! लपवलंस काय, तर बरा होणारा आजार!"

संदेश आला. म्हणाला, "ताई बोलल्या नको सांगू, म्हणून मी… आणि डॉक्टर पण बोललेले ना, पोरांच्या सर्दीखोकल्यापासून लांब ठेवा. तर आमाला वाटलं, तू लांब राहतेस ते बरंच हाय."

सर्दी असलेल्या पोरापासून लांब राहणं आणि आपल्या पोरीला आपण मारून टाकू म्हणून लांब राहणं, ह्यात काय फरक आहे, ते त्याला समजावायची ताकद माझ्यात नव्हती. ताईला तर समजावण्याची गरजच नव्हती. आबांच्या दाराच्या चौकटीला माझ्या शेजारी तीच उभी असायची. वेगळं ताट म्हणजे काय, हे जगात मला आणि तिलाच माहीत होतं.

घरी गेले, हात धुतले आणि पुढच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले. मैत्री उंबऱ्यावर होती. मी दोन्ही हात पुढे केले. "ये."

ती आली नाही. तिने मागे वळून ताईकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, जाऊ?"

ताईने पदर तोंडात कोंबला. मैत्री मग हळूहळू आली आणि माझ्या मांडीच्या अगदी कडेला, पाव्हण्यासारखी बसली.

उरलेले दोन डोस मी घेतले. त्रास तेवढाच झाला, पण आता काय कशाने होतंय ते मला ठाऊक होतं. विष असलं तरी त्याने मला फसवलं नव्हतं. त्याची पेशींशी वाटणी अडवण्याची झटापट चालली आहे असं मनात आणत मी पडून राहायचे, आणि मैत्री माझ्या टकलावरून हात फिरवायची. ताट मी त्याच दिवशी बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. आता ते कोणाच्याही वाट्याला येतं. कधी ताईच्या आलं तर ती ते बदलून घेते.

डोस संपल्यावर पेट स्कॅन झाला. अंगात एक साखरेसारखं औषध सोडतात, कॅन्सर कुठे जागा असेल तर ते तिथे जाऊन उजळतं. रिपोर्ट ऐकायला आत मी गेले, ताई बाकावर बसली. बाहेर आले तेव्हा ती उठून उभी राहिली. मी नुसती मान हलवली असती तरी तिला कळलं असतं. पण मी ते पूर्ण वाक्यात सांगितलं, "कुठेच काही उजळलं नाही, ताई. साफ आहे." तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मी तिला दूर केलं नाही. माझे हात मात्र वर आले नाहीत, आणि ते तिला कळलं असणार.

त्या डॉक्टर बाईंचे उपकार मी मानते. सदाफुलीचेही मानते, आणि हल्ली गिऱ्हाइकाला ती फुकट देताना दोन शब्द सांगते. ताई सणावाराला येते, आम्ही बोलतो, हसतोही. काल आमच्या गल्लीतला एक मुलगा विचारायला आला, की आईचा रिपोर्ट वाईट आहे, तिला काय सांगू? मी म्हटलं, जे आहे ते. आणि ती हात पुढे करेल तेव्हा मागे सरकू नकोस.

बोटं अजून पूर्ण आलेली नाहीत. नसा हळू वाढतात, वर्षही लागेल, कदाचित टोकं अशीच राहतील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. नर्सरीत मी आता मोठ्या कुंड्यांचं काम करते. सकाळी मैत्रीच्या दोन वेण्या घालते. ती आता माझ्या मांडीत पाठ टेकून ऐसपैस बसते. तिचे केस माझ्या हातात असतात आणि बोटांच्या टोकांना ते लागत नाहीत. बोटांना सगळं कळत होतं त्या महिन्यांत ते केस उंबऱ्यापलीकडे होते, आणि ते महिने मला परत मिळणार नाहीत.

परवा मी वेणी फार ओढली. मला कळलंच नाही. ती गप्प बसून राहिली, मान ताठ करून, आणि आरशात मला तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"दुखतंय का गं?"

तिने मान हलवली, नाही म्हणून.

मी कंगवा खाली ठेवला. तिला माझ्याकडे फिरवलं. "मान नको हलवू, मैत्री. मला बोटांनी कळत नाही आता. दुखलं की तोंडाने सांगायचं."

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "दुखतंय, आई."

मी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.